मकसुदाच्या हातचा घास

माझे समोरचे चार दात सोन्याचे आहेत. आधीचे पडले म्हणून नव्हे. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या मर्गिलान गावात सोन्याच्या दातांशिवाय नवरी म्हणजे बिनमिठाचा पुलाव. सासरच्यांची हौस म्हणून माझे धडधाकट दात कानशीने घासून बारीक केले आणि त्यांवर सोनं चढवलं. पुढे मूल होत नाही म्हणून नवऱ्याने घालवून दिलं. पेटी ठेवून घेतली, रजया ठेवून घेतल्या, शिवणयंत्रसुद्धा ठेवून घेतलं. दात तोंडात होते म्हणून तेवढे माझ्याबरोबर भावाच्या घरी आले.

त्यामुळे मुहय्योच्या दातांना तारा बसवायचं निघालं तेव्हा मी म्हटलं, "झालं, पुन्हा सुरू." पण टाकलेल्या बाईचं कोण ऐकतो?

मुहय्यो माझी भाची. तिचा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढून बसलेला. हसली की आधी तो दिसायचा, आणि मला तो फार आवडायचा. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी नान मोडून सोयरीक पक्की केली होती. मुलगा इल्होम कोरियात कारखान्यात. त्याची आई मकसुदा, तिने फोनवर मुहय्योचा फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा केला आणि म्हणाली, "पोरगी गुणाची आहे हो. तो एक दात तेवढा सरळ करून घ्या. लग्नाच्या व्हिडिओत नेमका तोच पुढे येईल."

भाऊ रशियात. तो फोनवर म्हणाला, "तुम्ही बघा काय ते." माझी वहिनी झरोफत लगेच पोरीला दातांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली.

पहिल्या संध्याकाळी मुहय्योला उकडलेला बटाटासुद्धा चावेना. गाल धरून भिंतीला टेकून बसली.

"आत्या, सगळे दात एकमेकांशी भांडतायत गं."

"भांडू देत. चार दिवसांनी दमतील."

मी तिला कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायला लावल्या. विहिरीच्या पाण्यात भांडं ठेवून चक्का गार केला आणि तो चमच्याने भरवला. भात गुरगुट्या केला. तारेचं एक टोक गालाला आतून टोचत होतं. डॉक्टरणीने मेणाची डबी दिली होती. आधी कापसाने तार कोरडी करायची, वाटाण्याएवढं मेण बोटांत मळायचं आणि टोचणाऱ्या जागेवर दाबून बसवायचं. थुंकी लागली की ते धरत नाही. मुहय्यो आ करून बसायची आणि मी मेण लावायची. तोंड उघडं ठेवूनही ही पोर रडू शकते हे मला तेव्हा कळलं.

दुखणं अजून ऐन भरात होतं आणि मकसुदाचा निरोप आला: उद्या ईदीचं सामान घेऊन येते, सुनेला बघायला.

मी म्हटलं, "त्यांना सांगून टाक ना वहिनी. पोरीचं तोंड आतून सोललंय, चावता येत नाही म्हणावं."

"शुद्धीवर आहेस का? दुखणाईत पोर गळ्यात मारतात म्हणतील! असलं काही लग्नाआधी बोलायचं नसतं."

"आणि लग्नानंतर कोण ऐकतं?"

"सासरचं तू नको शिकवूस मला. तुझं टिकलं असतं तर ऐकलं असतं."

मी गाजरं चिरायला निघून गेले. तिच्या तोंडी लागण्यापेक्षा गाजरं बरी.

मकसुदा दोन बायकांना घेऊन आली. मुहय्योने छातीवर हात ठेवून वाकून सलाम केला, चहा ओतला. तोंड मिटलेलं, सकाळीच मी ताजं मेण लावलेलं.

"दाखव बघू," मकसुदा म्हणाली. मुहय्योने ओठ वर केले. "वा! कसे चकाकतायत. बरं झालं मी बोलले."

मग पुलावाचं ताट जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर आलं. मुहय्यो कडेची चार शितं उचलायची आणि न चावता गिळायची. मकसुदाची नजर घारीची.

"अगं, चिमणीसारखं काय टिपतेस? आमच्या घरी आल्यावर अशीच सुकून जाणार? थांब, माझ्या सुनेला मीच भरवते."

तिने बाही सारली. चार बोटांनी भात ओढला, ताटाच्या काठाशी दाबून त्याचा गोळा केला आणि वर मांसाचा चांगला मोठा तुकडा ठेवला. वडीलधाऱ्याने हाताने पुलाव भरवला की आमच्याकडे तोंड उघडायचं. भूक आहे का, कोणी विचारत नाही. हा मान असतो. एका बाईने तर फोन काढून व्हिडिओ सुरू केला.

मी बोललेच. "मकसुदाताई, तिला तो तुकडा नको, तिचे दात..."

वहिनीने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ राहिला. "खाईल हो, खाईल! तुमच्या हातचं नाही खाणार तर कुणाच्या?"

घास आत गेला. राहिलेली शितं मकसुदाने तळव्याने आत लोटली, थेट ओठावरून, तारांवर दाबून. मुहय्योचे डोळे भरून आले. तिने एकदाच चावलं. टक्‌ असा आवाज मी शेजारी बसून ऐकला. तिने तोंडावर हात नेला, पण घास थांबला नाही. बोटांतून निसटून तो खालच्या नानवर पडला. भात, मांस, मेणाची गोळी, दातावरून निखळलेला, तार धरून ठेवणारा इवलासा ठोकळा आणि रक्त.

नानवर! आमच्याकडे नानची शपथ घेतात. जमिनीवर पडला असता तरी चाललं असतं.

मकसुदाचा तुपकट हात तसाच हवेत. "माझ्या हातचा घास थुंकली."

"नाही हो, नाही! तिचे दात दुखतात..." वहिनी गयावया करायला लागली.

"दुखतात? मग इतका वेळ का लपवलंत? आणखी काय काय लपवलंय?"

"तारा तुम्हीच बसवायला लावल्यात ना?" मी म्हटलं.

"दात सरळ करा म्हटलं होतं बाई. खोटं बोला नव्हतं म्हटलं."

ती हात पुसून उठली. ईदीचं सामानही उचलून घेऊन गेली. सोयरीक मोडल्याचा निरोप मध्यस्थीण घेऊन आली. इल्होमने मुहय्योला एकच ओळ लिहिली: आईचं मन मोडून मी काही करू शकत नाही. कोरियात जाऊन माणूस मोठा होतो म्हणतात. असेल.

मुहय्यो डॉक्टरणीला म्हणाली, "काढून टाका सगळं." पण वहिनी सोबत होती. "खबरदार! आता बसवल्याच आहेत तर सरळ होऊ देत. पुढच्यांच्या उपयोगी पडतील." निखळलेला ठोकळा पुन्हा चिकटवला गेला.

द्राक्षं उतरली तेव्हा पुढचे आले. कुवा गावच्या बायका, मुलगी बघायला आलेल्या, बोलायला गोड. त्यांतली थोरली मुहय्योकडे बघून मायेने म्हणाली, "या तारा कशाला गं बसवल्यास पोरी?"

वहिनी उत्तर द्यायला पुढे सरसावली. पण मुहय्योच आधी बोलली, स्पष्ट, सगळ्या तारा दिसतील अशी.

"आधीच्या सासूला हव्या होत्या."

बायकांनी पेले खाली ठेवले. फाटकापर्यंत त्यांना पोचवून वहिनी परत आली आणि तिने मुहय्योच्या थोबाडीत मारली. गाल आतून तारेवर फाटला.

मी पोरीला स्वयंपाकघरात नेलं. पाणी कोमट केलं, मीठ घातलं. ती चूळ भरायची, लाल पाणी थुंकायची. मी मेण मळत बसले.

"आत्या, तुझं दुखायचं कधी थांबलं गं?"

"दातांचं ना? आठवड्याभरात."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पेला पुढे केला.

"अजून मीठ घाल," म्हणाली.