ताईने निळा केलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीला लावतात तो नव्हे, फोटो काढताना माणसाच्या मागे टांगतात तो. जाड कापडाचा, हाताने रंगवलेला. आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही अजून बसलेला नाही. हात कोरडे आहेत ना तुमचे?

जन्मभर मी लोकांच्या पाठीमागे उभा आहे. समोरून माणूस रुबाबदार दिसतो, पण कोट घट्ट दिसावा म्हणून मागे खोचलेल्या टाचण्या मलाच दिसतात. आमच्या स्टुडिओत फक्त मोठ्या माणसांचे फोटो निघतात, तेही जुन्या तैलचित्रांसारखे. एकाच खिडकीचा उजेड, अर्धा चेहरा सावलीत, आणि हसायचं नाही. लहान मुलं इतका वेळ गप्प बसत नाहीत. मोठी बसतात, पण आधी "हनुवटी एकच दिसू द्या हं" असं बजावून घेतात.

मला ताईने घडवलं. ताई म्हणजे फोटोग्राफरची थोरली बहीण. तिने मला जमिनीवर अंथरून खळ लावली आणि स्पंजाने तपकिरी रंग चढवला. पण तिचं काम तिथे संपलं नाही. कोणीही फोटोला आलं की ती त्याला खिडकीशी बसवायची, चेहरा न्याहाळायची आणि त्या चेहऱ्याला शोभेल अशा तपकिरी छटेचा एक पातळ हात माझ्यावर नव्याने फिरवायची. मग तो वाळेपर्यंत सगळे चहा पीत बसायचे. फोटो पाहून लोक म्हणत, "अगदी चित्रच वाटतं!" तेव्हा मला फार आनंद व्हायचा.

मला माझं अंग दिसत नाही. समोरच्या कंप्यूटरवर फोटो आला की तेवढ्यात मी स्वतःला पाहून घेतो. एकदा पाहतो तर काय, मी निळा! ताईला आता निळा आवडत असेल, असं मला वाटलं. पण फोटोग्राफरने मागे वळून पाहिलं, ताई ब्रश धुवायला गेल्याची खात्री केली आणि कंप्यूटरवर माझा निळा पुसून पुन्हा तपकिरी केला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मग दर फोटोला तेच सुरू झालं. तोंडावर, "झकास जमलाय रंग, ताई." तिची पाठ वळली की पुसापुशी. त्यातच कोपऱ्यात फोटोमागे टांगायच्या करड्या कागदाची एक मोठी गुंडाळी येऊन उभी राहिली. कुठेतरी पाणी मुरत होतं. एका दुपारी फोटोग्राफर हळू आवाजात ताईच्या मुलीशी फोनवर बोलला, "तूच घेऊन जा तिला. माझं नाव काढू नकोस. आणि इथलं तिला काही कळता कामा नये."

आधी ताईचा काटा काढणार आणि मग माझा, असं मी धरूनच चाललो. दुसऱ्याच दिवशी मुलगी आली आणि ताईला घेऊन गेली. करडा कागद माझ्यापुढे टांगला गेला. त्या कागदाला कोणाच्याही चेहऱ्याचं काही पडलेलं नव्हतं. मी मागे अंधारात धुमसत राहिलो.

काही आठवड्यांनी ताई परत आली, काळा चष्मा लावून. आल्या आल्या तिने कागद बाजूला सारला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहतच राहिली.

"अरे, हा निळा कोणी केला?"

फोटोग्राफरने नजर कंप्यूटरकडे वळवली.

"मी?"

तिने भिंतीवरच्या तपकिरी फोटोंकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. मलाही तेव्हाच कळलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि तिला सगळं पिवळट दिसत होतं; मुलीने तिला नेलं होतं ते ऑपरेशनसाठी. मी तिला पूर्वीसारखा दिसावा म्हणून ती बिचारी माझ्यावर निळा ओतत राहिली होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा ब्रश हातात धरला असतास का, ताई?"

"आणि तो कागद? नीट दिसत नव्हतं रे, पण ती गुंडाळी दिसत होती मला. दवाखान्यात पडल्या पडल्या एकच विचार, आता याला माझी गरज उरली नाही."

"तू नसताना काम बंद पडू नये म्हणून आणला होता गं," तो म्हणाला.

ताई माझ्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसली. "काढ माझा फोटो. याच निळ्यापुढे. आणि कंप्यूटरला हात लावशील तर याद राख."

त्या फोटोत माझ्या निळ्यामुळे ताई थोडी आजारी दिसते, पण ती ताईच दिसते. तो आता समोरच्या भिंतीवर आहे. त्यात मी रोज स्वतःला पाहतो.

मित्रांनो, माझ्यासारख्याची घडी घालू नका, चुणी कायमची राहते. गुंडाळून ठेवा. आणि आपल्या माणसाचं काही चुकत असेल तर ते त्याच्या मागे पुसत बसू नका. प्रेमाने केलंत तरी पाठीमागून ते कपटासारखंच दिसतं. हे मी सांगतो, माझा जन्म पाठीमागेच गेला आहे.

माझा संशय अजून गेलेला नाही. फोटोग्राफर कंप्यूटरसमोरून मागे वळला की मी आजही सावध होतो. पण आता तो हाक मारतो, "ताई, जरा इकडे ये. हा रंग बघ बरं."

ताई येते, वाकून बघते आणि म्हणते, "चुकलाय. थांब, ब्रश आणते."