चार कागदांची फट

उदयसिंह शितोळ्यांचा हत्यारांचा डबा मुळात फरसाणाचा होता. जुन्या बाजारातून वजनावर घेतलेले तीन-चार पाने, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेला एक स्क्रू-ड्रायव्हर, झिजलेला टूथब्रश, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि शशिकलाबाईंची लाल नेलपॉलिशची अर्धी बाटली, एवढा त्यातला ऐवज. नेलपॉलिश कशाला, असं कुणी विचारलं की ते गोंधळून जात. वायरीचं आवरण सोललं तर त्यावर दोन हात मारून काम भागतं, हे त्यांना ठाऊक होतं, करूनही पाहिलं होतं. पण सांगायची वेळ आली की आपलंच काहीतरी चुकत असणार असं वाटायचं आणि ते "असंच आपलं" म्हणून मोकळे व्हायचे.

सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेली. हातात पाना आला तो निवृत्तीनंतर, तोही नाइलाजानं. घरातली क्रीम रंगाची जुनी फियाट खरं तर शशिकलाबाईंची. आरोग्य खात्यात असताना उरणकडच्या गावांतून त्या याच गाडीनं फिरल्या. उदयसिंहांनी गाडी कधी चालवली नाही, ते शेजारी बसून वाचत असत. दुरुस्ती बघायचा तो गॅरेजवाला शाहीद. तो कुवेतला गेला आणि गाडी इमारतीखाली तशीच उभी राहिली.

त्या काळात शशिकलाबाईंचं बाहेर पडणंच थांबलं. कुठे जायचं तर "सोडशील का रे?" असं मुलाला विचारावं लागायचं. मग त्यांनी विचारणंही बंद केलं. दुपारभर टीव्हीसमोर बसून राहायच्या, आवाज बारीक करून. ते दृश्य उदयसिंहांना सहन झालं नाही. एका सकाळी ते फरसाणाचा डबा रिकामा करून खाली उतरले. मॅन्युअल वाचत, चुकत, पुन्हा वाचत त्यांनी गाडी हळूहळू चालती केली.

आता मे उजाडला होता आणि महिनाअखेर गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. कामोठ्याहून मुलगा सत्यजीत आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यानं विषय काढला.

"आई, यंदा नोंदणी नको. भंगारवाल्याशी बोललोय मी. घरी येऊन घेऊन जातो."

"कुणाला? मला?" शशिकलाबाई म्हणाल्या.

"चेष्टा नको. तुला ऑटोमॅटिक गाडी घेऊन देतो म्हणतोय ना? नाहीतर माझ्या गाडीतून जात जा."

"तुझ्या गाडीत मी बसते रे. ही मी चालवते."

"चालवतेस? गेल्या महिन्यात पळस्प्याच्या पुलावर बंद पडली, तेव्हा ओढून कुणी आणली?"

उदयसिंहांनी पेपर वर धरला. शशिकलाबाईंनी मात्र हार मानली नाही. "रविवारी आगोटची खरेदी करायला करंजा बंदरावर जायचंय. पावसाळ्याची सुकी मासळी भरायला दरवर्षी जाते, याच गाडीनं जाते. तूही चल. टोइंगवाल्याला न बोलावता गाडी घरी आली तर नोंदणी करायची. बोलवावा लागला, तर तुझा तो भंगारवाला आणि तू. मी एक शब्द बोलणार नाही."

"दिला शब्द?"

"दिला."

सत्यजीत गेल्यावर त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, पेपर खाली घ्या. मी शब्द दिलाय तो तुमच्या जिवावर."

उदयसिंहांनी पेपरची घडी घातली आणि फरसाणाचा डबा काढला.

गाडीचं दुखणं असं होतं, की ती चालू व्हायची, गल्लीत नीट फिरायची, पण हमरस्त्यावर वेग घेतला की उचक्या द्यायला लागायची. उदयसिंहांनी प्लग काढून टूथब्रशनं घासले. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून साफ केला. पेट्रोलच्या नळीला बारीक चीर होती, तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडला. संध्याकाळी शशिकलाबाई गाडी बाहेर काढून एक चक्कर मारायच्या आणि परत येऊन नुसती मान हलवायच्या. उचक्या कायम.

तळमजल्यावरच्या किशोरी खिडकीतून हे सगळं बघत असायच्या. "भाऊ, वाचनालयातून रोगाचं पुस्तक आणलंत वाटतं? दृष्ट तरी काढा एकदा."

"तीच राहिलीय," असं पुटपुटून उदयसिंह बॉनेटमध्ये डोकं घालायचे.

शाहीदला फोन लावून पाहिला, तो उचलला गेला नाही. आपल्याला हे जमणारं काम नाही, हा विचार तर रोज सकाळी चहाबरोबरच यायचा. पण तो आला तरी ते खाली उतरायचे. यातच काय ते वेगळं होतं.

शुक्रवारी त्यांनी पुन्हा प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. आत दोन छोटे धातूचे ठिपके उघडझाप करतात, त्यांना मेकॅनिक पॉइंट म्हणतात. ते मिटलेले असताना वीज साठते आणि उघडले की प्लगवर ठिणगी पडते. ते किती उघडावेत याला माप असतं. ही फट मोजायची पोलादी पट्टी बाजारात मिळते, पण शाहीद कधीच ती वापरत नसे. खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढून तो फटीत सरकवायचा आणि म्हणायचा, "चाचा, अडकत जायला पाहिजे, पण अडकायला नको. बस, झालं." गाडी चालती करताना उदयसिंहांनीही तेच केलं होतं. सत्यजीतला कंपनीत बढती मिळाली तेव्हाचं त्याचं नवं कार्ड घरात पडलेलं होतं, तेच सरकवून त्यांनी फट लावली होती. कार्ड अडकत जात होतं आणि अडकत नव्हतं. मग चुकलं कुठे?

ते कार्ड हातात घेऊन पायरीवर बसले. विचार करताना कागद बोटांत धरून अंगठ्यानं चाचपायची त्यांना सवय होती. नवं पुस्तक आलं की कव्हर असंच चाचपून ते सांगायचे, की हे टिकेल, हे वर्षभरात फाटेल. अंगठा फिरता फिरता थांबला. हे कार्ड कसलं? हा तर पुठ्ठा! वर प्लॅस्टिकचा गुळगुळीत थर, आत दोन कागद एकावर एक चिकटवलेले. शाहीदच्या खिशातलं कार्ड असायचं ते हार्डवेअरच्या दुकानाचं, स्वस्तातलं, वाकवलं तर वाकणारं. सत्यजीतच्या कंपनीनं साहेबी कार्ड छापलं होतं आणि त्या साहेबी जाडीची फट त्यांनी गाडीला लावली होती! म्हणूनच हळू चालताना काही कळायचं नाही. वेग वाढला की पॉइंट मिटलेले राहायला वेळ पुरत नव्हता आणि ठिणगी अशक्त पडत होती.

मग आता बरोबर माप कुठून आणायचं? मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी. एवढं बारीक मोजणार कशानं? उदयसिंह तरातरा वर गेले. टेबलाखाली छपाईच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, फोडलेला नव्हता. पाचशे कागद. त्यांनी फूटपट्टी उभी धरली. गठ्ठा पाच सेंटिमीटर भरला. म्हणजे पन्नास मिलिमीटरला पाचशे कागद, एक कागद मिलिमीटरचा दहावा भाग.

"शशी, कात्री कुठेय?"

"कशाला?"

"असंच..." असं म्हणता म्हणता ते थांबले. "पॉइंटची फट मोजायचीय. चार कागदांची."

कागदाच्या चार अरुंद पट्ट्या एकावर एक ठेवून त्यांनी फटीत सरकवल्या. फट सैल होती, चांगलीच सैल. स्क्रू जरासा ढिला केला, फट कमी केली, पट्ट्या पुन्हा घातल्या. दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा त्या अडकत गेल्या आणि अडकल्या नाहीत. संध्याकाळी शशिकलाबाई चक्कर मारायला गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत. उदयसिंह फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिले. बंद पडली असणार. नक्कीच पडली असणार. तेवढ्यात गाडी आली आणि शशिकलाबाईंनी काच खाली केली.

"पळस्प्याच्या पुलावरून दोनदा गेले," त्या म्हणाल्या. "एकदा खात्री करायला आणि एकदा उगीच."

रविवारी निघताना सत्यजीत मागच्या सीटवर बसला, गुडघे छातीशी घेऊन. गव्हाण फाट्यापर्यंत गाडी अशी पळाली की त्यानं मोबाइल खिशात ठेवून बाहेर बघायला सुरुवात केली. पुढे जासईच्या अलीकडे बंदराकडे निघालेल्या कंटेनरांची रांग लागली. ऊन नुसतं ओतत होतं. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत राहिली, दोनदा आचके देऊन बंद पडली. शशिकलाबाईंनी सेल्फ मारला. पुन्हा मारला. पुन्हा मारला.

"अगं नको, बॅटरी बसेल!" उदयसिंह म्हणाले, पण नेहमीसारखंच, स्वतःशी बोलल्यासारखं. मागच्या ट्रेलरवाल्यानं कर्कश भोंगा वाजवला आणि त्या सेल्फ मारतच राहिल्या.

"बाबा, लावू का फोन?" सत्यजीतच्या हातात मोबाइल आला होता. आवाजात कुत्सितपणा नव्हता, खरं तर कीवच होती. तीच उदयसिंहांना जास्त लागली.

"थांब," ते मोठ्यानं म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की शशिकलाबाईंचा हात किल्लीवरून सुटला. "तू किल्लीला हात लावू नकोस. सत्या, पाण्याची बाटली घे आणि खाली उतर."

बॉनेट उघडलं तर गरम वाफारा तोंडावर आला. इंजिनाच्या अंगाला पेट्रोल ओढणारा छोटा पंप होता, त्याला हात लावणं अशक्य होतं. या उन्हात पंपातल्या पेट्रोलचीच वाफ होऊन ते पुढे जाईनासं झालं असणार. असणार की नसणार, हे ठरवायला वेळ नव्हता. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, ओला केला आणि पंपाभोवती गुंडाळला. चर्र झालं. ट्रेलरवाला खिडकीतून ओरडला, "काय आजोबा, ताप आला काय गाडीला?"

"हो," उदयसिंह म्हणाले. "उतरतोय."

सत्यजीत पाणी ओतत राहिला. पंचा वाळला की पुन्हा ओतत राहिला. भोंगे वाजत होते, शिव्याही आल्या, आणि उदयसिंह ढिम्म हलले नाहीत. शेवटी पंप हाताला सोसवेल एवढा निवला. "आता एकदाच मार," ते म्हणाले. सेल्फ कण्हल्यासारखा फिरला आणि इंजिन सुरू झालं.

करंजाला मात्र बॅटरीनं सूड घेतला. सोडे, बोंबील आणि जवळा घेऊन तिघं गाडीशी आली, तर किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक. रस्त्यात इतक्यांदा मारलेल्या सेल्फची किंमत आता वसूल होत होती. सत्यजीत बापाकडे बघायला लागला.

"ढकलायची," उदयसिंह म्हणाले.

"बाबा, हे म्हणजे..."

"टोइंग नाही. तुझ्या आईनं शब्द टोइंगचा दिलाय."

मासळी वाळत घालणाऱ्या बायका कधीच्या बघत होत्या. त्यातली एक कमरेचा पदर घट्ट करत पुढे आली. "काय रं दादूस, उभा काय? बापाला ढकलाया लावतोस? जोर हाय का नाय अंगान?"

"आहे हो मावशी."

"मंग लाव की हात. नायतर बस आत तुज्या आईच्या मांडीवर, आमी ढकलतो दोगांना!"

बायका खो खो हसल्या. सत्यजीतनं बाह्या सरसावल्या आणि खांदाच लावला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला उदयसिंह, मागे दोन मावश्या. शशिकलाबाईंनी दुसरा गिअर घालून क्लच दाबून धरला. गाडी आधी हलेचना, मग हलली, मग पळायला लागली. क्लच सुटला, मोठा धक्का बसला, धुराचा लोट निघाला आणि गाडी चालू झाली. चालू झाली ती थांबलीच नाही. बंदराच्या धक्क्यावरून वळून सरळ वरच्या रस्त्याकडे निघाली.

"आई! अगं आई!" सत्यजीत बाजूला ठेवलेली मासळीची पिशवी उचलून मागे धावला. उदयसिंह धापा टाकत त्याच्यामागून.

चढाच्या माथ्यावर शशिकलाबाई थांबल्या होत्या, इंजिन चालू ठेवून, तोंड उताराकडे करून.

"मधे थांबले असते नि बंद पडली असती, तर?" त्या म्हणाल्या. "बसा लवकर. आता घर येईपर्यंत किल्लीला हात नाही."

सत्यजीत मागच्या सीटवर कोसळला. शर्टाला ग्रीस, हाताला बोंबलाचा वास. उरण मागे पडेपर्यंत तो रुमालानं हात पुसत राहिला. मग त्यानं मोबाइल काढला. उदयसिंहांनी मान वळवून मागे बघितलं.

"हॅलो? हो, मी सत्यजीत. ती फियाट बोललो होतो ना... नाही. नाही, उद्या येऊ नका." जरा थांबून तो म्हणाला, "नाही हो, भाव वाढवून नकोय. विकायचीच नाहीये."

शशिकलाबाईंनी आरशात बघितलं आणि गिअर बदलला.

"बॅटरी तेवढी नवी घ्या बाबा," मागून आवाज आला. "माझा खांदा गेलाय."

"बघतो," उदयसिंह म्हणाले. मग त्यांनाच ते अपुरं वाटलं. "आधी आहे तीच उघडून बघू. तिला डिस्टिल्ड वॉटर घातलं तर अजून वर्षभर जाईल."