तिसरा चमचा

"म्हाळूमामा, मान हलू देऊ नका," डॉक्टर अनुपमा म्हणाल्या.

म्हाळूने रंभाचं तोंड छातीशी धरलं. बाईंनी घोडीच्या गळ्याखाली गार जेली चोपडली आणि पुण्याहून जीपमधून आणलेल्या सोनोग्राफी यंत्राचा दांडा फिरवला. पडद्यावर करडं काहीतरी हललं. म्हाळूला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. बाईंचा चेहरा मात्र कळला.

निमोण्याजवळच्या त्या घोड्यांच्या फार्मवर म्हाळू जन्मभर मोतद्दार होता. त्याच्या आणि गिताबाईच्या घरात पाळणा कधी हलला नाही, म्हणून रंभाच लेक. त्या लेकीची दोन शिंगरं जन्मताच गेली होती. दोन्हींचे गळे लिंबाएवढ्या गाठींनी फुगलेले. आता तिसरं पोटात होतं आणि दिवस भरत आले होते. हेही गेलं तर घोडी विकायची, असं शेठ सांगून बसले होते. म्हाताऱ्या घोडीला कोण कशासाठी घेतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

"गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजलीय. रक्ताचा रिपोर्टही तेच सांगतो, आयोडीन फार झालंय," बाई म्हणाल्या. "खायला काय देता?"

"ओट, भुसा, घास. आन् ती डब्यातली समुद्राच्या शेवाळाची पावडर."

"किती?"

"आधीच्या डॉक्टरांनी एक चमचा सांगितला व्हता." म्हाळू कौतुकाने हसला. "पर दोन जिवांची हाय ती. गिता म्हनली, गरवारीला हात आखडून वाढू न्हाई. मंग एक तिचा, एक पोटातल्याचा. पयलं शिंगरू गेलं, तवा तिसरा सुरू केला."

बाईंनी दांडा खाली ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मामा, आयोडीन त्या पावडरीतच असतं. जास्त झालं की शिंगराच्या गळ्याला गाठ येते."

म्हाळूने घोडीच्या आयाळीत बोटं घातली.

"म्हंजी मीच..."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"ह्ये तरी वाचंल का?"

"आजपासून पावडर बंद करा," बाई म्हणाल्या. "पण उशीर झालाय, मामा."

बाईंची जीप शिरूरच्या रस्त्याला लागली. म्हाळूने डबा उकिरड्यावर उपडा केला. एवढा जीव लावायला नको होता, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

संध्याकाळी रंभाने ओट-भुशाची चंदी संपवली आणि सवयीने त्याचा हात हुंगला. तिसरा चमचा तो तळहातावरून चाटवायचा. आज हात रिकामा होता. तरी ती ऊन जिभेने चाटत राहिली. म्हाळूने हात मागे घेतला नाही.