दीर्घिकेसाठी फ्लॉवरची राखण

"कुंपणाचं मशीन बंद करायचं तर राखण तुमी करा," फ्लॉवरच्या बांधावरून रंगुबाई म्हणाली. "देवाला सोडलेला वळू हाय. त्याला कोण दगड मारतंय?"

जालिंदरने हातातला ॲन्टेना तिच्या कुंपणात वीज सोडणाऱ्या झटका मशीनकडे रोखला होता आणि दर झटक्याला त्याच्या कानात टक वाजत होतं. कवठे येमाईच्या शिवारातली रेडिओ दुर्बीण इथून दिसायची. तिच्या ऐकण्यात अशी टकटक मिसळू नये म्हणून मोटारी, ट्रान्सफॉर्मर, कुंपणं हुडकत फिरायचं, ही त्याची सव्वीस वर्षांची नोकरी. महिनाअखेर ती संपणार होती.

आज दुर्बिणीवर संशोधन करणाऱ्या अनिताची पाळी होती. कुठल्याशा लांबच्या दीर्घिकेत तारे भराभरा जन्माला येतात म्हणे. ते ज्या वायूतून घडतात, त्याच्या रेणूंचा क्षीण आवाज या पोरीला टिपायचा होता. दुपारी एक ते चार. हुकलं तर थेट पुढच्या वर्षी.

"दिवसाउजेडी तारं?" रंगुबाईने विचारलं.

"तारं न्हाई, त्यांचा कच्चा माल. त्याला रात न् दिवस सारखाच."

"माझा माल तयार हाय. तेवढा सांभाळा म्हंजी झालं." तिने मशीनचा खटका पाडला आणि ती घराकडे गेली.

दोनला वळू आला. जालिंदरने डब्यातली भाकरी पुढे केली. वळूने ती खाल्ली, फडकंही चघळून पाहिलं आणि फ्लॉवरकडे तोंड वळवलं. घाईघाईने जालिंदरने त्याची मान खाजवली. वळू डोळे मिटून उभा राहिला. हात थांबला की डोळे उघडायचे. मग काय, दोन्ही हात आलटून पालटून चारपर्यंत तेच.

साडेचारला फोन आला. "काका, वायूची खूण दिसली! अजून कच्चं आहे सगळं, पण दिसली!" अनिताने आलेखाचा फोटोही धाडला.

परत आलेल्या रंगुबाईने त्याचा मोबाइल हातात घेतला. लांबलचक रेघ, मध्ये जेमतेम एक उंचवटा.

"एवढ्यासाठी?"

"व्हय."

"आन् ह्यात तुमचं काय?"

जालिंदरने बोट पँटला पुसलं. उंचवटा सोडून त्याने दोन्ही बाजूंची सपाट रेघ दाखवली. "हितं टकटक काईच न्हाई, ते माझं."

रंगुबाईने दोन बोटांनी फोटो मोठा केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिला.

"लई सरळ आलीया की," ती म्हणाली.