भावकीची तार

सुभेदार हंबीररावांची विहिरीवरची मोटार पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा जळाली, आणि जाळणारा कोण हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. चुलतभाऊ लालासाहेब! दुसरं कोण असणार हो? गावात विजेची मोटार एकट्या सुभेदारांची, लालासाहेब इंजिनावर पाणी उपसायचा. डोळ्यांत खुपणारच की. इकडं दीड एकर हळदीची कोवळी लागण पाण्यावाचून माना टाकत होती.

वायरमन केरबा खांबावर चढला, तारांना मीटर लावून उतरला आणि म्हणाला, कुणी काही जाळलेलं नाही. वीज आली तेव्हा गावानं घरं भावकी बघून तारांवर टाकली. सुभेदारांची चाळीस घरं एका तारेवर, पेठेतली पंचवीस दुसरीवर, लालासाहेबांची अकरा तिसरीवर. मोटारीला तिन्ही तारांचा जोर सारखा लागतो. शेतीला वीज मिळते संध्याकाळचीच, आणि दिवेलागणीला चाळीस घरांनी एक तार दबली की मोटार तापते आणि जळते. चौदा-पंधरा घरं लालासाहेबांच्या तारेवर टाका, मिटलं.

सुभेदार मिशीत हसले. या केरबाला त्यांनी सकाळीच लालासाहेबाच्या ओट्यावर चहा पिताना पाहिलं होतं. म्हणजे आता भावकीच फोडायचा डाव! त्यांनी त्याला वाटेला लावलं, जळालेल्या मोटारीत सांगलीहून नवी तार भरून आणली आणि रोज संध्याकाळी काठी घेऊन विहिरीवर राखणीला बसले. चोर काही येईना. मोटार मात्र हात लावू देईना इतकी तापायची, घडीघडीला बंद करावी लागायची.

मग चाळीस घरांची अख्खी भावकी दोन ट्रक भरून खंडाळ्याला लग्नाला गेली. हळदीपायी सुभेदार तेवढे मागं राहिले. त्या संध्याकाळी चाळीस घरं अंधारात, लालासाहेबाकडं सगळे दिवे चालू, आणि मोटार तीन तास चालूनही नुसती कोमट! भावकीची तार दबली नाही, म्हणून मोटार तापली नाही, हे सुभेदारांना कळून चुकलं. केरबा खरं बोलला होता.

वऱ्हाड परतलं तसं त्यांनी सगळ्यांना देवळात बोलावलं, केरबाचं म्हणणं समजावलं आणि लालासाहेबाच्या तारेवर आधी माझं घर टाकतो म्हणाले. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघू लागला. शेवटी मानसिंग उठला. सख्खा पुतण्या, सुभेदारांच्याच हाताखाली वाढलेला. लालासाहेबाच्या विहिरीचं पाणीसुद्धा पिऊ नको, हे त्यांनीच त्याला शिकवलेलं.

"आबा," तो शांतपणे म्हणाला, "आमी लग्नाला गेल्यावर लालासाहेब तुमाला कवा भेटला?"

"भेटला न्हाई रं," सुभेदार म्हणाले.

कुणाचाच विश्वास बसला नाही, हे त्यांना समोर दिसत होतं. त्या उन्हाळ्यात लालासाहेबाच्या तारेवर सुभेदारांचं एकट्याचं घर गेलं, मोटार तापतच राहिली आणि हळद जागच्या जागी वाळली.