बँकेची चिठ्ठी मी पुसली

मी सफाईवाला बोलतोय. हातात झाडू नाही, पण दिवसभर झाडतच असतो. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या कॉम्प्युटरवर, ब्राउझरला जोडलेला प्रोग्राम आहे मी; कोपऱ्यात माझं छोटंसं चिन्ह आहे. थकलोय हो, खरं सांगतो.

मला आणलं त्यांच्या भाच्याने. मावशीने एकदा शिलाई मशीनची किंमत काय पाहिली, जाहिराती महिनाभर तिची पाठ सोडेनात. भाचा म्हणाला, "मावशी, आता निर्धास्त राहा. ब्राउझर बंद केलास की हा मागचं सगळं पुसून टाकेल."

मी इमानाने पुसत राहिलो. पण बँकेचीही एक रीत असते. बाई खात्यात शिरल्या की बँक ब्राउझरमध्ये चिठ्ठी ठेवते, या ओळखीच्या आहेत म्हणून. मी तीही पुसायचो. मग बँक रोज नव्याने विचारणार, "कोण तुम्ही?" आणि मोबाइलवर कोड पाठवणार. नंबर नवऱ्याचा, नवरा ट्रकवर. बिचारा गाडी कडेला घेऊन कोड सांगायचा. बाई तो मापाच्या वहीत लिहायच्या, कुणाच्या तरी कंबर-छातीच्या आकड्यांशेजारी.

लेकीच्या नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. फी पाचपर्यंत भरायची. बाई हातातलं काम संपवून साडेचारला बसल्या. बँकेने कोड मागितला आणि नेमका नवऱ्याचा फोन लागेना.

"आई, बाबांना रेंज नसेल गं. आता काय करायचं?"

"थांब, घाबरू नकोस. कालचा लिहिलेला आहे ना!"

अहो, कालचा कोड आज कसा चालेल? माझा जीव नुसता तुटत होता. त्यांनी कालचा टाकला, परवाचा टाकला, त्याआधीचाही टाकला. तिसऱ्या चुकीला बँकेने खातं उद्यापर्यंत बंद केलं. लेकीने वही मिटून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. "मावशी, बँकेला यातून वगळायचं होतं गं. माझ्या डोक्यातूनच गेलं." त्याने एक बटण दाबलं. सुईत दोरा ओवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

बँकेला तरी काय बोल लावायचा? ती राखणच करत होती, आणि मीही.

आता ती चिठ्ठी मी जिवापाड जपतो. लेक शेजारी बसून आईने शिवलेल्या कपड्यांना बटणं लावते, पुढच्या वर्षीच्या फॉर्मची वाट बघते. मला काढून टाकायचं तर खुशाल टाका. पण ठेवणार असाल, तर काय पुसायचं नाही ते पहिल्याच दिवशी सांगा. मला विचारता येत नाही हो, फक्त पुसता येतं.