पाचव्या क्रमांकाचा हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे, मित्रांनो. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा कॅचर घालतो, तसला जाड चामड्याचा. सांतो दोमिंगोच्या पूर्वेला, समुद्रकाठच्या गावात, फेर्मिनामावशीच्या तळलेल्या केळ्यांच्या टपरीत मी खिळ्याला टांगलेला असतो.

माझा धनी नेरेओ, मावशीचा भाचा. तो गावच्या निळ्या संघाकडून खेळे. आमच्याकडे हिवाळ्यात सहा संघ झुंजतात. पहिले चार पुढे जातात, आपसांत पुन्हा खेळतात आणि त्यांतल्या वरच्या दोघांत अंतिम लढत होते. नेरेओला एकच आस होती, ती लढत निळ्या शर्टात खेळायची. आणि आम्ही दरवर्षी पाचवे.

त्याच्या शेवटच्या हंगामात चौथी जागा अगदी हाताशी आली होती. अखेरच्या सामन्यात शेजारगावच्या पिवळ्या संघाने ती हिसकावली.

आता आमच्याकडची रीत ऐका. पुढे गेलेले संघ बाद झालेल्यांतले चांगले खेळाडू उसने घेतात. पिवळ्यांनी नेरेओलाच निवडलं.

"काल ज्यांनी रडवलं, आज त्यांच्याच पंगतीला का रे?" मावशीने विचारलं.

"रीतच आहे, मावशी. आणि मला घरी बसवत नाही."

"जा मग. पण तो पिवळा शर्ट माझ्या दोरीवर वाळत घालायचा नाही, सांगून ठेवते."

पिवळे अंतिम लढत जिंकले. शेवटचा चेंडू माझ्याच तळव्यात थडकला. सगळे नाचत होते. नेरेओने मला छातीशी धरलं आणि गर्दीत निळा रंग शोधला. एकच निळा रुमाल दिसला, मावशीच्या डोक्यावरचा.

दुसऱ्या दिवशी मावशीने तो शर्ट स्वतः धुतला आणि रस्त्याकडच्या दोरीवर टाकला.

"काय गं फेर्मिना, संघ बदललास वाटतं?" शेजारीण हसली.

"रंग त्यांचा असेल. घाम आमच्या पोराचा आहे."

नेरेओचे गुडघे थकले, त्याने खेळ सोडला. निळा संघ अजून पाचवाच येतो. जानेवारीत टपरीवरच्या रेडिओतून दुसऱ्यांच्या लढती ऐकू येतात आणि माझ्या तळव्याला चेंडूची आठवण येते.

मित्रांनो, चामड्याला तेलही लागतं आणि हातही लागतो. जुना मोजा, जुनी बॅट अडगळीत टाकू नका. हंगाम जवळ आला की मावशी मला खाली काढते आणि खोबरेल चोळत बसते.

"मावशी, आता कोण घालणार तो?" नेरेओ म्हणतो.

"घालेल कुणीतरी. यंदा चौथे आलो, तर ऐनवेळी कडक मोजा देऊ का त्याच्या हातात?"